नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी पूर्ण संख्या आणि स्थानिक किंमत

शुश्रूषा_शिक्षिका, सोलापूर (धागाकर्ती)

नमस्कार.

सोलापुरात एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) आणि जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्र) या नर्सिंग अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना शिकवताना औषधमात्रेच्या गणिताचा तास आला की एक गोष्ट दर वर्षी दिसते. सूत्र सगळ्यांना पाठ असते. हवी असलेली मात्रा भागिले हाताशी असलेली मात्रा, गुणिले द्रवाचे प्रमाण, हे न अडखळता म्हणून दाखवतात. पण उत्तर पाचशे यायला हवे तिथे पाच हजार आले तरी ते कोणाला खटकत नाही. या अभ्यासक्रमांना कला शाखेतून बारावी झालेली मुलेही येतात, दहावीनंतर त्यांचा गणिताशी संबंध उरलेला नसतो, आणि एकक-दशक-शतक हा विषय म्हटला की तो लहान मुलांचा आहे असे वाटून त्यावरून पुढे जाण्याची घाई होते. माझ्या मते अडचणीचे मूळ तिथेच आहे, आणि ती प्रशिक्षणाच्या पहिल्या महिन्यातच दूर व्हायला हवी. त्यासाठी हा धागा काढत आहे.

सुरुवात पूर्ण संख्यांपासून करू. १, २, ३ या मोजण्याच्या संख्या नैसर्गिक संख्या होत. त्यांत शून्य मिळवले की पूर्ण संख्या तयार होतात. (पूर्णांक संख्या हा वेगळा गट आहे, त्यात ऋण संख्याही येतात, परीक्षेत ही दोन नावे अनेकदा एकमेकांच्या जागी लिहिली जातात.) वॉर्डातील बरीच कामे पूर्ण संख्यांत चालतात: नाडीचे ठोके, श्वास, गोळ्या, शस्त्रक्रियेनंतर मोजून घ्यायचे गॉजचे तुकडे, सलाईनचे दर मिनिटाचे थेंब. यातील शून्याकडे विशेष लक्ष द्या. इनटेक-आउटपुट चार्टमध्ये (रुग्णाच्या शरीरात किती द्रव गेले आणि किती बाहेर पडले याच्या नोंदीत) लघवीच्या रकान्यात ० लिहिणे आणि रकाना रिकामा ठेवणे यांत मोठा फरक आहे. ० याचा अर्थ पाहिले, मोजले आणि लघवी झालेली नाही. ती डॉक्टरांना ताबडतोब सांगण्याची बाब असू शकते. रिकामा रकाना काहीच सांगत नाही. प्रत्येक मोजपट्टी शून्यापासून सुरू होते असेही नाही. जन्मल्याबरोबर बाळाची स्थिती सांगणारा अपगार गुण ० ते १० असतो, पण रुग्ण किती शुद्धीवर आहे हे मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलवर सर्वात कमी गुण ३ असतात, त्यामुळे तिथे ० लिहिणे चुकीचे ठरते.

आता स्थानिक किंमत. ५,०५० या संख्येत ५ हा अंक दोनदा आला आहे. त्याची दर्शनी किंमत दोन्ही वेळा पाचच आहे, पण स्थानिक किंमत एकदा ५,००० आहे आणि एकदा ५०. उजवीकडून डावीकडे एकेक स्थान सरकताना किंमत दहापट होते. मधली आणि शेवटची शून्ये स्वतः काही भर घालत नाहीत, मात्र ती इतर अंकांना त्यांच्या जागी धरून ठेवतात. शतकाच्या जागेवरचे शून्य काढले की उरते ५५०. एक शून्य जास्त पडले तर मात्रा दहापट, दोन पडली तर शंभरपट. अंक एका स्थानाने सरकला तर मात्रा 'थोडीशी' चुकत नाही, ती दहापटीनेच चुकते, आणि म्हणून हा विषय मी इतक्या आग्रहाने मांडत आहे.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. आपण लाख-कोटीत वाचतो, तर नर्सिंगची बहुतेक इंग्रजी पुस्तके मिलियनमध्ये लिहितात. संधिवाती हृदयविकार असलेल्या रुग्णाला दर तीन आठवड्यांनी दिले जाणारे बेंझाथिन पेनिसिलीन आपण १२ लाख युनिट म्हणतो आणि १२,००,००० असे लिहितो. पुस्तकात तेच १,२००,००० किंवा १.२ मिलियन असते. अंक आणि शून्ये तीच, फक्त स्वल्पविरामाची जागा वेगळी. पुस्तकातला १.२ पाहून जो मनात १.२ लाख असे म्हणतो, त्याची मात्रा दहाव्या भागावर येते. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते की मोठी संख्या समोर आली की आधी स्वल्पविराम विसरा, उजवीकडून स्थाने मोजा, आपल्या पद्धतीने स्वल्पविराम पुन्हा द्या आणि मगच वाचा. दहा लाखांचा एक मिलियन होतो, एवढे एक नाते पक्के असले की पुरते.

विद्यार्थी, प्रत्यक्ष ड्युटी करणाऱ्या परिचारिका आणि गणिताचे शिक्षक या सर्वांनी भर घालावी, ही विनंती.

पूर्वभागातली

मॅडम, मी जीएनएमच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या घरी तेलुगू बोलतात आणि माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. लिहिलेली संख्या वाचताना मला अडचण येत नाही, पण ओव्हर (पाळी बदलताना रुग्णांची तोंडी माहिती) घेताना एखादी सिस्टर भराभर 'एकोणसाठ', 'त्रेसष्ट', 'अडुसष्ट' असे आकडे सांगते तेव्हा लिहिताना हात थांबतो, आणि कधी अंकांची अदलाबदल होईल अशी भीती वाटते. हा माझ्या स्थानिक किमतीच्या समजेतला दोष आहे की भाषेचा प्रश्न आहे? यावर सराव कसा करावा?

गणित_बार्शी

आपला प्रश्न फार महत्त्वाचा आहे, आणि तो फक्त आपला नाही. मराठीत ९९ पर्यंतच्या संख्यांची नावे साधारणपणे एकक आधी आणि दशक नंतर अशी घडली आहेत: पंचवीस म्हणजे पाच आणि वीस, त्रेसष्ट म्हणजे तीन आणि साठ. लिहिताना मात्र दशक आधी येते. म्हणजे जे कानावर आधी पडते ते कागदावर नंतर लिहायचे असते. उर्दूतही हाच क्रम आहे. तेलुगूत 'इरवै ऐदु' आणि कन्नडमध्ये 'इप्पत्तैदु' म्हणताना वीस आधी आणि पाच नंतर येतात, म्हणजे लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम एकच. सोलापूरच्या एकाच वॉर्डात या चारही भाषा ऐकू येतात, तेव्हा घरात एक क्रम आणि ड्युटीवर दुसरा क्रम वापरणाऱ्या मुलीचा हात क्षणभर थांबणे अगदी स्वाभाविक आहे.

त्यात 'एकोण'ची भर पडते. एकोणसाठ ही संख्या लिहायची पाच आणि नऊने, पण कानावर पडतो तो साठ. एकोणसत्तर, एकोणऐंशी यांचेही तसेच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' म्हणण्याची वाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर बराच वाद झाला होता. भाषेचा प्रश्न बाजूला ठेवून मी फक्त शिक्षक म्हणून सांगतो की स्थानिक किंमत समजण्यासाठी ती पद्धत उपयोगाची आहे.

सरावासाठी सोपा उपाय असा: एकाने संख्येचे नाव उच्चारावे, दुसऱ्याने पूर्ण नाव ऐकून होईपर्यंत पेन टेकवू नये, आणि मग दशक-एकक असे मोठ्याने म्हणत लिहावे. नाव ऐकता ऐकता लिहायला घेतले की अदलाबदल होते.

अक्कलकोटकर

मी ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका आहे आणि माझी मातृभाषा कन्नड आहे, त्यामुळे पूर्वभागातली यांची अडचण मला नेमकी कळते. आमच्याकडे तोंडी आदेश किंवा ओव्हर देताना संख्या दोनदा सांगण्याची पद्धत आम्ही ठेवली आहे, एकदा नावाने आणि एकदा सुट्या अंकांनी: 'एकोणसाठ, पाच-नऊ'. ऐकणाऱ्याने तेच परत म्हणायचे. इंग्रजीतही फिफ्टीन आणि फिफ्टी, सिक्स्टीन आणि सिक्स्टी यांचा असाच घोळ होतो, म्हणून औषधसुरक्षेच्या मार्गदर्शनात तिथेही 'वन-फाइव्ह' किंवा 'फाइव्ह-झीरो' असे सुटे अंक सांगायला सुचवलेले असते.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवते. नातेवाईक घरच्या रक्तदाबाची किंवा साखरेची नोंद वहीत मराठी अंकांत लिहून आणतात. मराठीतला ४ घाईने लिहिलेला असला तर इंग्रजी आठासारखा दिसतो आणि मराठी १ इंग्रजी नवासारखा. वहीतला आकडा केसपेपरवर उतरवण्याआधी तो नातेवाइकांकडून वाचून घ्यावा.

औषधमात्रा

मी औषधनिर्माता आहे, म्हणून व्हायलच्या लेबलकडून हा विषय मांडतो.

हेपारिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची ५ मिलीची व्हायल (छोटी बाटली) दोन प्रकारांत मिळते. एकीत मिलीला १,००० युनिट असतात, म्हणजे पूर्ण व्हायलमध्ये ५,०००. दुसरीत मिलीला ५,००० असतात, म्हणजे पूर्ण व्हायलमध्ये २५,०००. आता पाहा, ५,००० ही संख्या दोन्हींच्या हिशेबात येते. एकीत ती संपूर्ण व्हायलची आहे आणि दुसरीत एका मिलीची. आदेश ५,००० युनिटचा असेल तर पहिलीतून पूर्ण ५ मिली लागतील आणि दुसरीतून फक्त १ मिली. संख्या बरोबर वाचूनही 'कशात किती' हे वाचले नाही तर पाचपट फरक पडतो. त्यामुळे लेबलवरील संख्येमागचे 'प्रति मिली' किंवा 'प्रति ५ मिली' हे शब्द संख्येचाच भाग समजावेत.

स्थान चुकल्याने काय होते याचे एक उदाहरण जगभर सांगितले जाते. २००६ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिस येथील एका रुग्णालयात मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांना हेपारिनच्या १० युनिट प्रति मिलीच्या व्हायलऐवजी १०,००० युनिट प्रति मिलीची व्हायल वापरली गेली आणि तीन बाळे दगावली. १० आणि १०,००० या दोन्हींत १ हाच एक अंक आहे. बाकी फक्त शून्ये. तीन स्थानांचा फरक, म्हणजे हजारपट.

इन्सुलिनबाबत आपल्याकडे विशेष सावध राहावे लागते. बहुतेक व्हायलमध्ये मिलीला ४० युनिट असतात, पेनच्या कार्ट्रिजमध्ये मिलीला १००, आणि १०० ची व्हायलही मिळते. ४० च्या सिरिंजला लाल टोपण असते आणि १०० च्या सिरिंजला नारिंगी. ४० च्या सिरिंजने १०० च्या व्हायलमधून '२०' या खुणेपर्यंत औषध घेतले तर ते अर्धा मिली भरते, आणि अर्ध्या मिलीत ५० युनिट जातात. खूण २० ची दिसते, मात्रा अडीचपट होते.

लिहिण्याबद्दल एकच गोष्ट. 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा. १० च्या पुढे नुसते इंग्रजी यू अक्षर घाईत लिहिले की ते शून्यासारखे दिसते आणि १० चे १०० होतात. अमेरिकेतील जॉइंट कमिशन या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये वापरू नयेत अशा संक्षेपांची यादी केली, त्यात हे अक्षर आहे. त्याच यादीत पूर्ण संख्येनंतर विनाकारण दशांशचिन्ह आणि शून्य लिहू नये असेही आहे, कारण ५.० मधला टिंब फिकट उमटला की ते ५० वाचले जाते.

रात्रपाळी_ब्रदर

सर्वांचे म्हणणे पटते, तरी एक शंका मांडतो. अतिदक्षता विभागात आता ठरलेल्या वेगाने औषध सोडणारे इन्फ्युजन पंप आहेत, सगळ्यांच्या मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे. विद्यार्थ्यांचा वेळ स्थानिक किमतीवर घालवण्यापेक्षा यंत्रे नीट वापरायला शिकवणे अधिक उपयोगाचे ठरणार नाही का?

शुश्रूषा_शिक्षिका (धागाकर्ती)

आपली शंका रास्त आहे, पण मी तिच्याशी सहमत नाही. कॅल्क्युलेटर आपण दिलेल्या संख्येचे गणित बरोबर करतो. दिलेली संख्या बरोबर आहे का हे तो विचारत नाही. ० ची कळ दोनदा दाबली गेली तर तो दहापट उत्तर तितक्याच ठामपणे दाखवतो. पंपावरही १२५ च्या जागी १,२५० टाकले तर ते पाहून 'हे शक्य नाही' असे ज्याच्या मनात येते, तोच रुग्णाला वाचवतो.

तो अंदाज येण्यासाठी गणिताआधी उत्तर किती अंकी असावे हे ठरवण्याची सवय हवी. एक लिटर सलाईन ८ तासांत द्यायचे आहे. हजाराला आठाने भागल्यावर उत्तर शेकड्यात येणार, म्हणजे तीन अंकी. प्रत्यक्षात ते ताशी १२५ मिली येते. मिलीला २० थेंब पडणारा सेट असेल तर १२५ गुणिले २० भागिले ६०, म्हणजे १२५ चा तिसरा भाग, उत्तर दोन अंकी येणार. प्रत्यक्षात ते ४१ पूर्णांक आणि दोन तृतीयांश येते. अर्धा थेंब मोजता येत नाही, म्हणून मिनिटाला ४२ थेंब. उत्तर ४२० किंवा ४ आले असते तर ते दोन अंकी नाही एवढ्यावरूनच परत मोजायला हवे. विद्यार्थ्याने वहीत गणिताच्या वर 'दोन अंकी उत्तर अपेक्षित' असे लिहिले नाही तर मी ते गणित तपासत नाही.

ग्रॅम, मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांतील प्रत्येक पायरी हजाराची, म्हणजे तीन स्थानांची आहे. मोठ्या एककातून लहान एककात जाताना संख्या वाढते आणि लहानातून मोठ्यात जाताना कमी होते. दिशा आधी, गणित नंतर.

निवृत्त_परिसेविका

हा धागा वाचून समाधान वाटले. मी वॉर्डात जे सतत पाहिले त्यातील दोन गोष्टी लिहिते.

पहिली गोष्ट प्लेटलेटची. डेंग्यूच्या दिवसांत वॉर्डातील प्रत्येक नातेवाइकाचा पहिला प्रश्न 'प्लेटलेट किती?' हाच असतो. एक प्रयोगशाळा १,२०,००० असे लिहिते, दुसरी १.२ लाख असे, आणि तिसरी हजारांच्या एककात नुसते १२०. तिन्ही अहवालांचा अर्थ एकच आहे. काल १.२ लाख होते आणि आज १२० आले, हे पाहून घरच्यांचा धीर सुटतो. परिचारिकेने त्यांच्यासमोर दोन्ही संख्या पूर्ण स्वरूपात लिहून दाखवल्या तर दोन मिनिटांत त्यांची समजूत पटते. चार्टवर उतरवतानाही नेहमी पूर्ण संख्या लिहावी. तुलना करताना आधी स्थाने मोजावीत: ९८,००० आणि १,०२,००० यांत पहिला अंक ९ पाहून पहिली संख्या मोठी वाटू शकते, पण ती पाच अंकी आहे आणि दुसरी सहा अंकी. २०,००० आणि २,००,००० यांत तर एकाच शून्याचा फरक आहे. एका रुग्णाला बारकाईने देखरेखीखाली ठेवावे लागते आणि दुसऱ्याची संख्या सामान्य मर्यादेत असते, कारण ती मर्यादा साधारण दीड ते साडेचार लाखांची आहे.

दुसरी गोष्ट आपल्या बोलण्यातल्या सव्वा, दीड, पावणे, अडीच आणि साडे यांची. 'दीडशे मिली झाली', 'सव्वा लाख आहेत', 'पावणेदोनशे राहिले' असे आपण सहज बोलतो. नव्या मुलींपैकी अनेकींना पावणेदोनशे म्हणजे १७५ हे पटकन सुचत नाही, आणि ऐकताना 'पावणे' निसटले की कागदावर २०० लिहिले जाते. सव्वाशे म्हणजे १२५, सव्वा हजार म्हणजे १,२५०, सव्वा लाख म्हणजे १,२५,०००: शब्द तोच, मागचे स्थान बदलले की संख्या बदलते. हे शब्द सुंदर आहेत आणि घरात जरूर वापरावेत. ओव्हरमध्ये मात्र 'एकशे पंचाहत्तर, एक-सात-पाच' असेच म्हणावे, असे माझे ठाम मत आहे.

पूर्वभागातली

सर्वांचे मनापासून आभार. मैत्रिणीबरोबर पेन न टेकवता ऐकण्याचा सराव सुरू केला आहे. मॅडम, इनटेक-आउटपुटचे एखादे उदाहरण द्याल का? बेरीज करताना अंक एकाखाली एक येत नाहीत आणि उत्तर चुकते.

शुश्रूषा_शिक्षिका (धागाकर्ती)

जरूर. चोवीस तासांत रुग्णाला सलाईन १,५०० मिली, तोंडाने ६५० मिली आणि प्रतिजैविकांसोबत १०० मिली तीन वेळा गेले. बाहेर पडले ते असे: लघवी १,३८० मिली, उलटी २०५ मिली, ड्रेन ७० मिली. कागदावर हजार, शतक, दशक, एकक असे चार उभे रकाने आखा आणि प्रत्येक अंक त्याच्याच रकान्यात लिहा. आणखी दोन प्रश्न देते. बालकांना नवव्या महिन्यात जीवनसत्त्व अ १,००,००० युनिट आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत आठ वेळा २,००,००० युनिट दिले जाते, एकूण किती? आणि पुस्तकात स्ट्रेप्टोकायनेज या रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची मात्रा १,५००,००० युनिट अशी छापली आहे. ती आपल्या पद्धतीने लिहून वाचा.

पूर्वभागातली

आत गेले १,५०० + ६५० + ३०० = २,४५० मिली. बाहेर पडले १,३८० + २०५ + ७० = १,६५५ मिली. फरक ७९५ मिली, आत जास्त. मी पहिल्यांदा २०५ च्या जागी मुद्दाम २५ लिहून पाहिले, तेव्हा बाहेर पडलेले १,४७५ आले आणि फरक ९७५; म्हणजे एका शून्यामुळे १८० मिलीचा बदल झाला. जीवनसत्त्व अ चे उत्तर १७,००,०००, सतरा लाख युनिट. स्ट्रेप्टोकायनेज १५,००,०००, पंधरा लाख युनिट.

गणित_बार्शी

सर्व उत्तरे बरोबर आहेत. २५ लिहून पाहण्याची आपली कल्पना चांगली आहे. ती वर्गात सर्वांकडून करून घ्यावी, असे धागाकर्तींना सुचवतो.

शुश्रूषा_शिक्षिका (धागाकर्ती)

सूचना मान्य आहे, पुढच्याच तासाला करून घेते. दशांश अपूर्णांकांसाठी वेगळा धागा काढणार आहे. औषधमात्रा यांनी तिथे लहान मुलांच्या सिरपच्या मात्रांची उदाहरणे द्यावीत, ही विनंती.